डायना, बेला आणि आमचा सातवीचा वर्ग

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी; पुढे चित्रकला-शिक्षिकेची पदविका तेवढी घेतली. तेव्हा दिवाळी अंकांतून टीका म्हणून जे छापून येते त्याच्या वाटेला मी सहसा जात नाही. यंदा मात्र संपादकांचे पत्र आले तेव्हा विषय मी आपण होऊन कळवला: चित्रकथांतल्या अचाट पुरुषांच्या शेजारी उभ्या असलेल्या बायका. कॉमिक्स हा काय टीकेचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. परंतु ज्या पुस्तकांनी आमच्या दोन पिढ्यांची दुपारची झोप उडवली, त्यांच्याविषयी फराळाच्या ताटापुढे बसून चार शब्द बोलायला हरकत नसावी.

निमित्त घडले ते असे. गेल्या पावसाळ्यात एकदा मैदानाचे तळे झाले, खेळाचा तास बुडाला आणि सातवीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी फळ्यावर विषय लिहिला, ‘माझ्या मनातला सुपरहिरो’. मुलांना आणखी काय हवे! मुलींपैकीही बहुतेकींनी पुरुषच काढले. गच्चीवर स्पायडरमॅन, खाली दप्तर घेऊन त्याच्याकडे टकमक बघणारी दोन वेण्यांची मुलगी. एक मुलगी मात्र कोरा कागद पुढे ठेवून बसली होती.

“का ग, सुचत नाही?”

“सुचतंय, बाई. पण मला नाही होता येणार सुपरहिरो. माझे आईबाबा दोघंही आहेत.”

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पण पोरीचा अभ्यास पक्का होता. बॅटमॅनचे आईबाप गल्लीत मारले गेले, सुपरमॅनचा सगळा ग्रहच फुटला, स्पायडरमॅनचा काका चोराच्या गोळीने गेला. हसणे थांबल्यावर ती खाली मान घालून पुढे म्हणाली, “आणि बायकांचं तर त्याहून वाईट झालेलं असतं, बाई.” हे वाक्य ऐकून मात्र कुणी हसले नाही. निदान मला तरी हसू आले नाही. त्या वाक्याचा माग काढता काढता हा लेख झाला आहे.

माग सुरू होतो तो आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेपासून. आमचे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. पगाराच्या दिवशी येताना रद्दीवाल्याकडून ते दादासाठी ‘इंद्रजाल’चे जुने अंक आणीत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने ही माला मार्च १९६४मध्ये सुरू केली आणि १९९०मध्ये बंद केली; तोवर आठशेहून जास्त अंक निघाले होते. मराठीतही ते निघत. वेताळ, त्याची कवटीची गुहा, डेंकालीचे जंगल, मँड्रेकची टोपी हे सगळे आम्हांला शेजारच्या आळीतले वाटे. नवी मुंबई तेव्हा अर्धी चिखल आणि अर्धी सिडको होती. खाडीकडेच्या तिवरांत कवटीची गुहा असणे मुळीच अशक्य नव्हते.

त्या ट्रंकेत मला भेटलेली पहिली बाई डायना पामर. ली फॉक यांनी १९३६ साली वेताळाची कथा वर्तमानपत्रातून सुरू केली, त्या पहिल्याच कथेत डायना आहे, आणि ती काही लाजरीबुजरी नाही. मुष्टियुद्धाचे मोजे चढवणारी, रानावनात हिंडणारी, उंचावरून पाण्यात सूर मारण्यात ऑलिंपिकपर्यंत पोचलेली, पुढे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी! १९३६ सालच्या मानाने बाई फारच पुढची. आणि तरीही मी वाचलेल्या अंकांत दर दोन-चार अंकांआड तिला कुणीतरी पळवून नेत असे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दादाला विचारले, “एवढी धट्टीकट्टी बाई, हिला उचलून कसं नेतात रे?” दादाने पुस्तकातून मान वर न करता सांगितले, “नाही नेली तर वेताळ जाणार कुठे?”

चित्रकथांवर पुढे मी जे काही वाचले त्यात दादाच्या या उत्तरापलीकडचे फारसे काही सापडले नाही. डायनाला जे जे येत होते ते तिच्या ओळखीपुरते होते. कथेला त्याची गरज नव्हती. कथेला गरज होती ती तिच्या हातापायांना बांधलेल्या दोरीची. लग्नासाठीही तिने १९७७च्या डिसेंबरपर्यंत वाट पाहिली, म्हणजे एक्केचाळीस वर्षे. मँड्रेकच्या नारदाने तर १९३४पासून १९९७पर्यंत कळ काढली. आमच्याकडे एवढ्यात पणतवंडांच्या मुंजी होतात!

फॉक यांना पराक्रमी बाई सुचत नव्हती असे नाही, उलट फार लवकर सुचली. वेताळाच्या दुसऱ्याच वर्षाच्या आत त्यांनी विमानांतून लूट करणाऱ्या बायकांची एक टोळीच्या टोळी उभी केली. पुढारी बाई, वैमानिक बाया, सगळा कारभार बायकांचा. वाटते, आता काहीतरी वेगळे घडणार. घडते ते एवढेच, की पुढारीणही वेताळावर भाळते आणि तिची उजवी हात असलेली सालाही. दोघी एका पुरुषावर भाळल्यावर टोळीचे काय होणार ते वाचकांनी ओळखावे. आणखी एक ज्युली. ती सतराव्या वेताळाची जुळी बहीण. भाऊ जायबंदी झाला तेव्हा तिने त्याचा वेष चढवला आणि त्याचे काम चोख केले. भाऊ बरा झाला, वेष परत. परंपरेच्या हिशेबात सतरावा वेताळ तोच. आमच्या गावाकडे धाकटा दीर मुंबईहून येईपर्यंत शेत सांभाळणाऱ्या वहिन्या मी पाहिल्या आहेत; सातबाऱ्यावर त्यांचेही नाव नसते.

बेलाची गोष्ट थोडी निराळी. १९७६ साली आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी बहादूर निर्माण केला. भगवा कुर्ता, जीनची विजार, नागरिक सुरक्षा दल उभे करून दरोडेखोरांशी झुंजणारा. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बेला ही त्याची मैत्रीण आणि साथीदार, कराटे जाणणारी. मी वहीत काढायची ती बेलाच. कारण अगदी साधे: तिचे पाय जमिनीवर असत. ती बहादूरच्या खांद्यावर नसे, मागे नसे, पुष्कळदा शेजारी असे. अंकावर नाव बहादूरचे, हे खरे. पण एका चौकटीत दोन माणसे उभी राहू शकतात हे मला प्रथम बेलामुळे दिसले. तेव्हा ते शब्दांत सांगता आले नसते.

पायांचे मी उगीच बोलले नाही. आमच्या धंद्याचा तो पहिला धडा आहे. उभ्या माणसाचा तोल कुठे पडतो ते आधी पाहावे, मग नाकडोळे. अमेरिकन कॉमिक्समधली स्त्री-आकृती या कसोटीला लावली तर ती उभीच राहत नाही. कंबर पाठमोरी आणि छाती सामोरी, असा तिचा पीळ असतो. एकदा मी अशा एका चित्राची नक्कल वर्गातल्या तालीमबाज मुलाला उभे राहून करायला सांगितली. तो बाकावरून खाली आला आणि “बाई, ही माणूस नाही, जिलबी आहे,” म्हणाला. २०१२मध्ये अमेरिकेतल्याच काही चित्रकारांनी हा खेळ केला होता: बायकांच्या या अवघड बैठकी त्यांनी हॉकआय नावाच्या धनुर्धारी वीराला दिल्या, आणि जे बायकांच्या अंगावर कुणाला खटकत नव्हते ते पुरुषाच्या अंगावर हास्यास्पद दिसू लागले.

तोकड्या कपड्यांविषयी मात्र मी फार बोलणार नाही. त्यावर बोलले की सगळे खूष होतात, आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. शाळेच्या हस्तलिखितासाठी एका मुलीने काढलेली उडणारी बाई, गुडघे दिसतात म्हणून, मला एकदा परत करायला लावण्यात आली होती. त्याच अंकात एका मुलाने काढलेल्या मारामारीत चार माणसे रक्तात पडली होती. ते चित्र मुखपृष्ठावर गेले. असो.

खरा प्रश्न कोण कशासाठी मरतो हा आहे. १९७३ साली स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली, आणि त्या मरणाने नायकाला एकदम खोली आली असे जाणकार म्हणू लागले. १९९४ साली ग्रीन लँटर्न या वीराच्या मैत्रिणीला मारून शत्रूने तिचे प्रेत त्याच्याच घरातल्या फ्रिजमध्ये ठेवले. दिवाळी आहे, तपशील सांगत नाही. १९९९ साली गेल सिमोन नावाच्या बाईने अशा मारल्या गेलेल्या, लुळ्या केल्या गेलेल्या, शक्ती हिरावून घेतलेल्या स्त्रीपात्रांची यादी करून जाहीर केली आणि तिला त्या फ्रिजचेच नाव दिले. ही बाई तेव्हा केस कापण्याचा व्यवसाय करीत होती. पुढे ती स्वतः नामांकित कॉमिक्सलेखिका झाली. यादी लांबलचक होती.

ती यादी मी वाचली तेव्हा मला राग यायला हवा होता. आली ती शरम. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेला मी ऐंशीव्या पानावर क्षयाने मारले आहे. का मारले? तिच्या नवऱ्याला दारू सोडायला लावायची होती. पुढची दीडशे पाने तो सुधारत जातो, समाधीवर फुले वाहतो, शाळा काढतो. वाचकांनी डोळे पुसले, मीही लिहिताना पुसले होते. परंतु ती बाई दोन घरची धुणी करून, हिशेब ठेवून, नवऱ्याच्या खिशातले पैसे काढून मुलांची फी भरत होती. ती जगली असती तर कादंबरी तिची झाली असती. मला ती त्याची हवी होती. वर्षानुवर्षे जे वाचले, तेच हात लिहून गेला. ली फॉक तरी निदान डायनाला जिवंत ठेवतात.

आता कुणी म्हणेल, हे परक्यांचे झाले. आपल्या चित्रकथांत बायका घोड्यावर बसल्या आहेत. बसल्या आहेत खऱ्या. ‘अमर चित्रकथा’ १९६७ साली मुंबईत सुरू झाली. तिचे जनक अनंत पै आधी इंद्रजालच्या कामातच होते. तिच्या जन्माची कथा प्रसिद्ध आहे: दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक दैवतांविषयी उत्तरे आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना. पै यांना त्याचे वाईट वाटले आणि पुढे शेकडो अंक निघाले. मला या कथेत नेहमी एक गंमत वाटते. मुले विसरली होती ते नाव एका बाईचे होते. कौसल्येवरचा स्वतंत्र अंक माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.

या अंकांतली चित्रे पुष्कळदा आपल्याच माणसांनी काढलेली: राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांची रेषा मी मुलांना आजही दाखवते. पुढे नागराज या हिंदी सुपरहिरोचे सुरुवातीचे अंकही त्यांच्याच कुंचल्यातून उतरले. घोड्याची मान, नऊवारीचा काचा, ढालीवर पडलेला उजेड, सगळे कसे जिवंत! पण एकदा उन्हाळ्याच्या सुटीत हे अंक चटईवर मांडून बसले असताना माझ्या लक्षात आले: झाशीची राणी, अहल्याबाई होळकर, चांदबिबी, राणी दुर्गावती, कित्तूरची चेन्नम्मा. साऱ्या विधवा. हा काही चित्रकथेचा दोष नव्हे, इतिहासच तसा आहे. नवरा जिवंत असताना बाईच्या हाती राज्य येतच नव्हते. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलीपुढे जेव्हा हेच अंक एकामागून एक येतात, तेव्हा तिला न सांगता एक नियम कळतो. परदेशी चित्रकथेत बाई मेली की पुरुष मोठा होतो. आपल्या चित्रकथेत पुरुष मेला की बाई मोठी होते. दोघांना एका चौकटीत एकदम मोठे होता येत नाही. नवरा हयात असेल तर सावित्री व्हावे, म्हणजे तो मरू नये म्हणून झगडावे. तोही पराक्रमच, आणि यमाशी तिने केलेला वाद मला फार आवडतो. पण वरदान मागून झाल्यावर तिची कथा संपते.

नव्या काळात या नियमाला एक भयंकर कलम जोडले गेले. राज कॉमिक्सची शक्ती घ्या. चंदा नावाची साधी बाई. मुली जन्मल्या म्हणून नवरा त्यांना मारतो, तेव्हा कालीमाता तिच्यात संचारते. २०१४मध्ये मुंबईच्या कॉमिक्स-मेळ्यात ‘प्रियाज शक्ती’ ही चित्रकथा आली. राम देविनेनी यांनी दिल्लीच्या २०१२च्या अत्याचारानंतर ती हाती घेतली. अत्याचार सोसलेली, घरच्यांनीच टाकलेली प्रिया पार्वतीच्या कृपेने वाघावर बसते. धारावीच्या भिंतींवरही ती रंगवली गेली. हेतू इतका चांगला, की दोष काढताना जीभ अडखळते. ज्या मुलीवर असे काही गुदरले आहे तिला वाघावर बसलेली प्रिया पाहून धीर येत असेल, तर माझी सगळी टीका खाडीत बुडवावी. तरीही मला विचारावेसे वाटते: मुलाला कोळी चावला की शक्ती येते, मुलीची मात्र आधी राखरांगोळी व्हावी लागते, हे कसे? सातवीतल्या त्या पोरीने खाली मान घालून नेमके हेच सांगितले होते.

वंडर वुमनचे तसे नाही हे मी मान्य करते. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली ती मुद्दाम स्त्रीच्या सामर्थ्यासाठीच घडवली. तिच्या आईने तिला मातीतून घडवले, आपल्या पार्वतीने मळापासून गणपती घडवला तसे. आई राणी आहे, जिवंत आहे. पण पराक्रम करायला पोरीला ते घर सोडून पुरुषांच्या जगात यावे लागते, माहेर कायमचे दूर. हिचेही नाव डायनाच. ऑक्टोबर २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या डायनाला स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद राजदूत केले. तिच्या पेहरावावरून आणि गोऱ्या बांध्यावरून गिल्ला झाला, हजारो सह्यांचे निवेदन गेले आणि डिसेंबरात ते पद संपलेही. आमची डायना पामर त्याच संस्थेत इतकी वर्षे इमाने इतबारे खपत होती. तिला कुणी साधे शिपायाचे पदकही दिले नाही!

मनासारखी एक सापडली ती फार उशिरा आणि फार लांब. २०१४ साली मिस मार्व्हल म्हणून आलेली कमला खान, जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली शाळकरी मुलगी. बाप आहे, आई आहे, मोठा भाऊ आहे, आणि तिघेही तिला रात्री उशीर का झाला म्हणून विचारतात. शक्ती आल्याबरोबर तिचे रूप पालटते ते सोनेरी केसांच्या जुन्या नायिकेसारखे, त्याच तंग पोशाखासकट. आणि थोड्याच वेळात पोरीला कळते की हा वेष बोचतो. मग ती घरातल्या अंगभर पोहण्याच्या कपड्यातून स्वतःचा वेष करते. तिचे कुणी मेलेले नाही, तिच्यावर कसलाही प्रसंग गुदरलेला नाही. तिला बाप रागावतो आणि तरीही ती शूर आहे. आपल्याकडे ध्रुवची बहीण श्वेता, चंडिकेचा मुखवटा घालून लढणारी, या जातीची. घरदार शाबूत असलेली. पण ती राहिली भावाच्या पुस्तकात. २००४मध्ये स्पायडरमॅनसुद्धा मुंबईत आला, पवित्र प्रभाकर होऊन, धोतर नेसून. अवतीभवती बायका दोन: माया काकू आणि मीरा जैन. एकीने मायेने वाढवायचे, दुसरीला त्याने वाचवायचे. धोतर नवे, गोष्ट जुनी.

कमलाचे एक पुस्तक मी वर्गात नेले. इंग्रजी आहे, मला अडखळत वाचावे लागले, मुले माझ्यापेक्षा भराभर वाचतात. ती कोऱ्या कागदाची मुलगी ते दोन दिवस घरी घेऊन गेली. पुढच्या तासाला तिने कागद आणून टेबलावर ठेवला.

चित्रात रात्र आहे. औद्योगिक वसाहतीतला बसथांबा, वर पिवळा दिवा. एक बाई डबा काखेला मारून उभी आहे. कारखान्यातून सुटलेली तिची आई, हे मला ठाऊक होते, कारण दुसरी पाळी संपल्यावर ती तशीच उभी असते. शेजारी एक मुलगी, शाळेच्या गणवेशावर ओढणी पाठीशी बांधलेली. दोघींचे पाय जमिनीवर टेकलेले. आईच्या टाचा किंचित उचललेल्या, बस दिसते का ते पाहणाऱ्या माणसाच्या असतात तशा. मागे दूर एका इमारतीची एकच खिडकी उजळलेली आणि तिच्यात पोळी लाटणारा मिशीवाला माणूस. तो भलताच मोठा झाला होता, खिडकीत मावत नव्हता. प्रमाण चुकले म्हणून मी तांबडी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

“मुलीचा चेहरा नाही काढलास?”

“उद्या काढते, बाई. आज रबर मिळाला नाही.”